दोष आणि दुरुस्ती यांच्या मधला काळ : विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीचे ब्रेक

एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेतील टेस्ला कंपनीने मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या आपल्या दोन नमुन्यांच्या सुमारे ५३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत मागविल्या. या गाड्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०१६ या अवधीत तयार झाल्या होत्या. उभी केलेली गाडी जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी त्यांत विजेवर चालणारा हँडब्रेक बसविलेला होता. त्या ब्रेकमधील एक लहानसे दंतचक्र बाहेरच्या पुरवठादाराकडून सदोष तयार होऊन आले असण्याचा आणि वापरात ते तुटण्याचा संभव होता. गाडी चालत असताना पायाने लावावयाच्या मुख्य ब्रेकचा या दोषाशी संबंध नव्हता. नवा भाग बसविण्याचे काम पाऊण तासाच्या आत होण्यासारखे होते. मात्र सर्व गाड्यांना पुरतील इतके नवे भाग ऑक्टोबरपर्यंत हाती येतील, असा कंपनीचा अंदाज होता.

पाऊण तासाचे काम आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंतची प्रतीक्षा, ही स्थिती एका कंपनीची किंवा एका गाडीची नाही. कारखान्यातून बाहेर पडलेल्या वाहनात सुरक्षिततेला बाध आणणारा दोष आढळला की उत्पादकाने ती सर्व वाहने बोलावून विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाची, या पद्धतीला सर्वत्र ‘रिकॉल’ म्हणतात. दोष जाहीर होतो त्या दिवशी दुरुस्तीही उपलब्ध असते, असा सर्वसामान्य समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा या दोहोंमध्ये काही आठवड्यांचा, कधी अनेक महिन्यांचा काळ जातो. गाडीचा मालक त्या काळात एका विचित्र पेचात असतो. गाडीत दोष आहे हे त्याला कळलेले असते. परंतु कामावर जाणे, मुलांना शाळेत पोहोचविणे, आजारी माणसाला रुग्णालयात नेणे ही कामे थांबलेली नसतात. या मधल्या काळात कोणत्या गोष्टी जाणून घ्याव्यात आणि कोणती पावले उचलावीत, याचा विचार या प्रकरणात केला आहे. त्यासाठी प्रथम ब्रेकची रचना समजून घेणे अगत्याचे आहे. कारण दोष ब्रेकच्या कोणत्या अंगात आहे हे कळल्याशिवाय धोका किती, हे ठरविता येत नाही.

ब्रेकचे काम

चालत्या गाडीच्या अंगी तिच्या वस्तुमानामुळे व वेगामुळे गतिज ऊर्जा असते. १,६०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ही ऊर्जा सुमारे ६१७ किलोज्यूल भरते. एवढ्या ऊर्जेने २० अंश सेल्सिअस तापमानाचे पावणेदोन लिटरांहून अधिक पाणी उकळीला येईल. वेग निम्मा केला म्हणजे ऊर्जा निम्मी होत नाही, तर चौथा हिस्सा होते. ताशी ५० किलोमीटरला तीच गाडी सुमारे १५४ किलोज्यूल ऊर्जा बाळगते. गाडी थांबविणे म्हणजे ही सर्व ऊर्जा थोड्या अंतरात तिच्यापासून काढून घेणे होय. पेट्रोलच्या गाडीत हे काम घर्षणाने होते. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबले जातात, ऊर्जेची उष्णता होते आणि ती हवेत निघून जाते.

पायाचा दाब पॅडपर्यंत पोहोचविण्याचे काम ब्रेकचे तेल करते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या तेल पुढे ढकलतो आणि नळ्यांतून तो दाब चारही चाकांकडे जातो. एक नळी फुटली तरी गाडी अगदीच निराधार होऊ नये म्हणून ही व्यवस्था दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते. एक भाग निकामी झाला तरी दुसरा दोन चाकांना थांबवू शकतो. परंतु दीड टनाची गाडी झटकन थांबविण्यास नुसत्या पायाचे बळ अपुरे पडते. त्यासाठी पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बळ वाढविणारे एक साधन असते. त्याला बूस्टर म्हणतात. पेट्रोलचे इंजिन हवा आत ओढताना जी अंशतः निर्वात स्थिती निर्माण करते, तिचाच उपयोग करून हा बूस्टर चालतो. इंजिन चालू आहे तोवर हे बळ फुकट मिळते.

विजेच्या गाडीत काय बदलते

विजेवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचे इंजिन नसते, म्हणून निर्वाताचे हे फुकटचे बळही नसते. काही गाड्यांत त्यासाठी विजेवर चालणारा निर्वात-पंप बसविला जातो. पुष्कळ गाड्यांत बूस्टरच विजेवर चालतो. पेडल किती दाबले हे एक संवेदक टिपतो, संगणक त्यावरून हिशेब करतो आणि लहानशी मोटर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला तितका रेटा देते.

दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे. विजेची मोटर चाकांना फिरविते, तशी चाकांनी मोटरला फिरविले तर ती जनित्र बनते आणि वीज निर्माण करते. ही वीज बॅटरीत परत जाते आणि तिच्या निर्मितीत गाडीचा वेग कमी होतो. या क्रियेला ऊर्जा परत मिळविणारे ब्रेकिंग म्हणता येईल. जी ऊर्जा घर्षणाने वाया गेली असती ती काही अंशी पुढच्या प्रवासासाठी उरते, हा त्याचा मोठा लाभ. नेहमीच्या चालविण्यात वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते आणि पॅड क्वचितच वापरले जातात.

परंतु या लाभाला दोन मर्यादा आहेत. बॅटरी पूर्ण भरलेली असेल किंवा अतिशय थंड असेल, तर तिला ही वीज पुरेशी स्वीकारता येत नाही आणि मोटरचा रोध कमी होतो. शिवाय पॅड फारसे वापरले न गेल्यामुळे दमट हवेत चकत्यांवर गंज चढतो आणि पॅडच्या मार्गिका अडकू शकतात. म्हणजे पॅड झिजले नाहीत म्हणून ब्रेक उत्तम स्थितीत आहेत, हा निष्कर्ष विजेच्या गाडीच्या बाबतीत खरा ठरेलच असे नाही.

पेडल दाबल्यावर मोटरने किती रोध द्यावयाचा आणि पॅडने किती, हे क्षणोक्षणी संगणक ठरवितो. मोटरचा रोध कमी पडला की तितकाच पॅडचा दाब वाढला पाहिजे, आणि हा बदल चालविणाऱ्याच्या पायाला जाणवताही कामा नये. पाय आणि चाक यांच्यामध्ये असा एक नवा मध्यस्थ आल्यामुळे ब्रेक निकामी होण्याच्या जुन्या प्रकारांत काही नव्या प्रकारांची भर पडली आहे.

दोषांचे तीन प्रकार

पहिल्या प्रकारात बूस्टरचे बळ जाते. २०१६ मध्ये निसान कंपनीने लीफ या विजेच्या गाडीचे २०१३ ते २०१५ या वर्षांचे नमुने अमेरिकेत परत मागविले. त्यांची संख्या सुमारे ४७ हजार होती. अतिशय थंड हवेत विजेच्या बूस्टरमधील एक रिले गोठू शकतो असे आढळले होते. तसे झाले की धोक्याचा दिवा लागे, बूस्टर दुय्यम पद्धतीने काम करू लागे आणि थांबण्यास अधिक अंतर लागण्याचा संभव होता. बूस्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करणे हा त्यावरील उपाय होता. या दोषात ब्रेक जात नाहीत. ते जड होतात.

दुसऱ्या प्रकारात मोटरचा रोध आणि पॅडचा रोध यांचा मेळ बिघडतो. २०१९ मध्ये जॅग्वार कंपनीने आय-पेस या गाड्या परत मागविल्या. अमेरिकेत त्या ३ हजारांहून थोड्या अधिक होत्या. मोटरचा रोध एकाएकी बंद पडला तर त्याची जागा घेण्यास तेलाच्या ब्रेकला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागे. त्यापूर्वी फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटा कंपनीने प्रायस व तिच्याबरोबरच्या काही संमिश्र इंधनाच्या गाड्या जगभरातून परत मागविल्या होत्या. त्यांची संख्या सुमारे ४ लाख ३७ हजार होती. खड्ड्यावरून अथवा निसरड्या भागावरून जाताना हलकेच ब्रेक लावला असता क्षणभर पकड सुटल्यासारखे वाटे. हे दोन्ही दोष सॉफ्टवेअर बदलून दूर करता आले.

तिसरा प्रकार निव्वळ यांत्रिक दोषाचा. आरंभी सांगितलेले दंतचक्र हे त्याचे उदाहरण. जून २०२१ मध्ये टेस्लाच्याच सुमारे ६ हजार गाड्या परत मागविण्यात आल्या, त्या कॅलिपरचे बोल्ट सैल असण्याच्या शक्यतेमुळे. बोल्ट तपासणे, घट्ट करणे, आवश्यक तर बदलणे एवढेच ते काम होते. मात्र ते प्रत्येक गाडीजवळ जाऊन हातानेच करावयाचे होते.

धोक्याची मोजदाद

बूस्टरचे बळ गेल्यास काय होते, याचे एक मोजमाप सुरक्षा-नियमांतच सापडते. मोटारगाड्यांच्या ब्रेकविषयीच्या अमेरिकन मानकानुसार, ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सर्व व्यवस्था शाबूत असताना ७० मीटरांच्या आत थांबली पाहिजे. बूस्टर बंद असताना किंवा तेलाच्या दोन भागांपैकी एक निकामी असताना तिने १६८ मीटरांच्या आत थांबावे, अशी मुभा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील आंतरराष्ट्रीय नियमातही याच मर्यादा आहेत. दोन्ही चाचण्यांत पेडलवर जास्तीत जास्त ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलोग्रॅम वजनाच्या भाराइतका दाब देता येतो.

या किमान अटी आहेत. चांगली गाडी कोरड्या रस्त्यावर याहून पुष्कळ कमी अंतरात थांबते. तरीही त्यांची तुलना बोलकी आहे. निकामी अवस्थेतही गाडी थांबतेच. परंतु तिला ९८ मीटर अधिक लागू शकतात. त्याच आंतरराष्ट्रीय नियमाच्या सूत्राने ताशी ५० किलोमीटरचा हिशेब केला तर शाबूत ब्रेकसाठी २० मीटर आणि निकामी अवस्थेसाठी सुमारे ४५ मीटर अंतर येते. म्हणजे वेग निम्मा केल्याने दोषामुळे वाढणारे अंतर ९८ मीटरांवरून २५ मीटरांपर्यंत खाली येते. दुरुस्ती मिळेपर्यंत मालकाच्या हाती जो सर्वांत प्रभावी उपाय आहे, तो या आकड्यांत दिसतो. वेग कमी ठेवणे आणि पुढील वाहनापासूनचे अंतर वाढविणे, हाच तो उपाय होय.

५० किलोग्रॅमचा भार पायाने देणे हेही प्रत्येकाला सारखेच सुकर नसते. सडसडीत अंगकाठीची व्यक्ती, वृद्ध चालक, गुडघ्याचा विकार असलेला माणूस यांच्यासाठी जड झालेले पेडल अधिक धोक्याचे आहे. म्हणून एका घरातील एकच सदोष गाडी सर्वांनी सारखीच चालवावी काय, याचाही विचार कुटुंबाने केला पाहिजे.

दुरुस्तीला उशीर का होतो

उशीर म्हणजे नेहमीच बेपर्वाई, असे समजणे योग्य नाही. तसेच प्रत्येक उशीर अपरिहार्य असतो, असेही नाही. पहिले कारण असे की दोष आहे हे कळणे आणि तो कशामुळे निर्माण होतो हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण नीट न शोधता केलेली दुरुस्ती पुन्हा करावी लागते. दुसरे कारण भागांचा पुरवठा. पुरवठादाराची उत्पादन-क्षमता नव्या गाड्यांच्या गरजेनुसार ठरलेली असते. हजारो जुन्या गाड्यांसाठी एकाएकी तेच भाग हवे झाले की रांग लागते. तिसरे कारण दुरुस्ती-केंद्रांतील माणसे व जागा यांची मर्यादा.

सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीला सुट्या भागांचा अडसर नसतो, हा विजेच्या गाड्यांचा विशेष लाभ. मे २०१८ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन ग्राहक-नियतकालिकाने टेस्लाच्या मॉडेल ३ या गाडीची चाचणी घेतली. ताशी ६० मैल वेगावरून थांबण्यास तिला १५२ फूट, म्हणजे ४६ मीटरांहून थोडे अधिक अंतर लागले. कंपनीने बिनतारी मार्गाने सॉफ्टवेअर बदलले आणि फेरचाचणीत ते अंतर १३३ फुटांवर, म्हणजे सुमारे साडेचाळीस मीटरांवर आले. हे सर्व त्याच महिन्यात घडले. तो रिकॉल नव्हता; परंतु अशी सुधारणा किती लवकर होऊ शकते हे त्यावरून दिसते. सैल बोल्ट किंवा तुटणारे दंतचक्र मात्र बिनतारी मार्गाने दुरुस्त होत नाही. म्हणून मालकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न हा, की आपल्या गाडीची दुरुस्ती सॉफ्टवेअरची आहे की सुट्या भागाची.

पुरवठा अपुरा असेल तेव्हा आधी कोणाला द्यावयाचे, हा न्यायाचा प्रश्न होतो. ताकाता कंपनीच्या हवापिशव्यांच्या प्रकरणात तो मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. अमेरिकेतच सुमारे ६ कोटी ७० लाख सदोष भाग बदलावयाचे होते. उष्ण व दमट हवेत जुने झालेले भाग फुटण्याचा धोका अधिक होता. म्हणून २०१५ पासून तेथील सुरक्षा प्रशासनाने प्रदेश व गाडीचे वय पाहून क्रम ठरवून दिला. जो प्रथम येईल त्याला प्रथम, हा नियम बाजूला ठेवून ज्याला धोका अधिक त्याला प्रथम, हे तत्त्व तेथे स्वीकारले गेले.

कायद्याने घातलेल्या मुदती

अमेरिकेत मोटारगाड्यांच्या सुरक्षिततेचा कायदा सप्टेंबर १९६६ मध्ये संमत झाला. त्याच्या आदल्या वर्षी राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाने या प्रश्नाकडे लोकांचे लक्ष वेधले होते. आरंभी कायद्याचा भर दोषाची सूचना देण्यावर होता. दुरुस्ती विनामूल्य करून देण्याचे बंधन १९७४ च्या दुरुस्तीने आले. या दोन वर्षांमधील अंतर विचार करण्यासारखे आहे. धोका कळविणे आणि धोका दूर करणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, हे कायद्यालाही अनुभवानेच शिकावे लागले.

प्रचलित नियमांनुसार सुरक्षिततेशी संबंधित दोष निश्चित झाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत उत्पादकाने तो शासनाला कळवावा लागतो आणि त्यानंतर ६० दिवसांच्या आत गाडीच्या मालकांना पत्रे जावी लागतात. तोवर दुरुस्ती तयार नसेल, तर पहिले पत्र केवळ धोक्याची सूचना देते आणि दुरुस्ती उपलब्ध झाल्यावर दुसरे पत्र येते. पुष्कळ मालक पहिले पत्र वाचून बाजूला ठेवतात आणि दुसऱ्याकडे ‘हे तर आलेच होते’ म्हणून दुर्लक्ष करतात. दोन्ही पत्रे वेगळी आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

उत्पादकाने गाडी दुरुस्त करावी, तशीच दुसरी द्यावी किंवा घसारा वजा करून किंमत परत करावी, असे तीन मार्ग कायद्याने सांगितले आहेत. दुरुस्तीचा मार्ग निवडला आणि ती वाजवी वेळेत झाली नाही, तर उरलेल्या दोन मार्गांपैकी एक स्वीकारणे उत्पादकाला भाग असते. गाडी रीतसर हजर केल्यापासून ६० दिवसांत ती नीट दुरुस्त झाली नाही, तर वाजवी वेळ टळून गेल्याचा तो प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. येथे ‘हजर केल्यापासून’ हे शब्द निर्णायक आहेत. पत्र आल्याच्या तारखेपासून ही गणना होत नाही. घरी बसून वाट पाहणाऱ्या मालकाची मुदत सुरूच होत नाही. पत्रात दुरुस्तीसाठी जी तारीख दिली असेल त्या सुमारास गाडी केंद्रात नेऊन तारखेची लेखी पोच घेणाऱ्याच्या हाती मात्र आधार असतो. मधल्या काळात बदली गाडी पुरविण्याचे सर्वसाधारण बंधन या कायद्यात नाही. काही उत्पादक ती स्वेच्छेने देतात. म्हणून विचारणा करणे इष्ट ठरते.

मधल्या काळात काय करावे

सर्वप्रथम आपली गाडी खरोखरच त्या यादीत आहे काय, हे पाहावे. प्रत्येक गाडीला १७ अक्षरे व अंक मिळून झालेला एक स्वतंत्र ओळख-क्रमांक असतो. उत्पादकाकडे, आणि अमेरिकेत शासनाच्या संकेतस्थळावरही, त्या क्रमांकावरून शोध घेता येतो.

त्यानंतर गाडी चालवावी की नाही, याविषयी पत्रात काय म्हटले आहे ते नेमके वाचावे. सर्व दोष सारखे नसतात. मे २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझ कंपनीने २००६ ते २०१२ या वर्षांच्या काही पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बूस्टरला गंज लागण्याच्या शक्यतेमुळे परत मागविल्या. अमेरिकेत त्या सुमारे २ लाख ९२ हजार होत्या. तपासणी होईपर्यंत गाडी मुळीच चालवू नये असे मालकांना स्पष्ट सांगण्यात आले आणि ती ओढून नेण्याची सोय विनामूल्य करण्यात आली. अशी सूचना असेल तेथे ‘जवळच तर जायचे आहे’ या सबबीला जागा नाही. पत्रातील भाषा संदिग्ध असेल तर गाडी चालविणे सुरक्षित आहे काय, हा प्रश्न कंपनीला लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच मागावे. तोंडी दिलासा पुढे कोणाच्या उपयोगी पडत नाही.

गाडी चालविण्यास हरकत नसेल तेथेही काही पथ्ये पाळावीत. निघताना पेडल दाबून पाहावे. नेहमीपेक्षा ते कठीण लागले, खोल गेले किंवा हँडब्रेक सोडल्यावरही ब्रेकचा लाल दिवा विझला नाही, तर गाडी बाहेर काढू नये. दोष बूस्टरचा असेल तर वेग कमी ठेवावा, घाटरस्ता व भरलेली गाडी टाळावी. लांब उतारावर मोटरचा रोध मिळावा म्हणून बॅटरी काठोकाठ भरू नये. हँडब्रेक सदोष असेल तर चढउतारावर गाडी उभी करू नये. करावीच लागली तर चाकाला उटी लावावी.

चालत्या गाडीत पेडल एकाएकी दगडासारखे कठीण झाले, तर ते सोडून पुन्हा पुन्हा दाबू नये. दोन्ही पायांनी सर्व बळ लावून सलग दाबून धरावे. याउलट पेडल खाली जमिनीला टेकू लागले, तर ते भराभर वर-खाली करून दाब निर्माण होतो का ते पाहावे. विजेचा हँडब्रेक असलेल्या बहुतेक गाड्यांत त्याची कळ दाबून वा ओढून धरली असता गाडी आवरता येते. ही कृती आपल्या गाडीत नेमकी कशी करावयाची, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेतून आधीच समजून घ्यावे आणि घरात जे जे गाडी चालवितात त्यांनाही सांगावे.

तिसरी गोष्ट म्हणजे नोंदी. पत्रे, दूरध्वनीची तारीख व वेळ, केंद्रातील जॉब कार्ड, धोक्याच्या दिव्याचे छायाचित्र, भाड्याच्या वाहनाच्या पावत्या हे सर्व एका जागी ठेवावे. दोष जाहीर होण्यापूर्वी मालकाने स्वखर्चाने तीच दुरुस्ती करून घेतली असेल, तर तो खर्च परत मिळण्याची तरतूद अमेरिकेत २००० सालच्या कायद्याने झाली आहे. ती पावतीवाचून सिद्ध होत नाही. गाडी जुनी विकत घेतलेली असेल तर आपला पत्ता कंपनीला कळवावा, नाहीतर पत्र पहिल्या मालकाच्याच घरी जाते.

भारतातील व्यवस्था

भारतात वाहन-उत्पादकांच्या संघटनेने जुलै २०१२ पासून स्वेच्छेने पाळावयाची संहिता स्वीकारली. कायद्याचे बंधन त्यानंतर आले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम घालण्यात आले. पर्यावरणाला, वाहनातील व्यक्तींना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय होण्याजोगा दोष असल्यास वाहने परत मागविण्याचा आदेश केंद्र सरकार त्यान्वये देऊ शकते. त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. विक्रीच्या प्रमाणात ठरविलेल्या संख्येइतक्या तक्रारी आल्या की चौकशीची प्रक्रिया सुरू होते. याचा अर्थ असा, की एकेका मालकाने नोंदविलेली तक्रार ही केवळ त्याची स्वतःची राहत नाही. ती मोजली जाते. ज्याने ‘एकट्याने सांगून काय होणार’ म्हणून तक्रार केली नाही, त्याने ती संख्या पुरी होण्यास उशीर लावला असे म्हणावे लागेल.

याखेरीज ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याचा आधार आहे. त्यातील विसाव्या कलमाने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत मागविण्याचे आदेश देता येतात आणि सदोष वस्तूमुळे झालेल्या अपायाबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण त्या कायद्यात आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. अमेरिकेतील ६० दिवसांसारखा नियम भारतातील मालकाला आधारासाठी घेता येणार नाही. म्हणून येथे दिनांकित पोच आणि लेखी उत्तर यांचे महत्त्व अधिकच आहे.

समारोप

ब्रेकसारख्या अंगातील दोष शोधून काढणे आणि तो प्रामाणिकपणे जाहीर करणे हे सुरक्षिततेच्या दिशेने टाकलेले पहिले पाऊल असते. परंतु जाहीर झालेला दोष, दुरुस्त होईपर्यंत, रस्त्यावर चालतच असतो. त्या अवधीत उत्पादकाने नेमकी सूचना देणे, शासनाने मुदतीवर नजर ठेवणे आणि मालकाने वेग आवरून, नोंदी ठेवून, ठरलेल्या दिवशी गाडी केंद्रात नेणे, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या पाहिजेत. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी मालकाच्या हाती नसतात. तिसरी सर्वस्वी त्याच्या हाती असते आणि रस्त्यावरून पायी जाणाऱ्या अनोळखी माणसाची सुरक्षितताही काही प्रमाणात तिच्यावरच अवलंबून असते.